राणी केरान : किलिकियाच्या आर्मेनियन राजघराण्याची माता

राणी केरान (मृत्यू १२८५) ही किलिकियाच्या आर्मेनियन राज्याचा राजा दुसरा लेव्होन याची पत्नी होय. काही ग्रंथांत याच राजाला तिसरा लेव्होन असेही म्हटले जाते. आधीच्या राजपुत्रांची गणना धरली की क्रमांक बदलतो. केरानच्या पाच मुलांनी एकामागून एक राजमुकुट धारण केला. एक मुलगी कॉन्स्टंटिनोपलच्या राजवाड्यात सम्राज्ञी झाली आणि दुसरी सायप्रसच्या राजघराण्यात सून म्हणून गेली. मध्ययुगीन ख्रिस्ती जगातील मोजक्याच मातांना इतके वैभव आणि इतके दुःख एकाच घरात लाभले असेल.

आमच्या बहुसंख्य वाचकांना हे नाव अपरिचित असणार. आर्मेनिया दूर, शतक तेरावे आणि नावेही जिभेला अवघड. तथापि या राणीच्या थोरल्या मुलाने ज्या फ्रान्सिस्कन धर्मबंधूंना आपल्या राज्यात बोलावून घेतले, त्यांपैकी एकाचे रक्त पुढे आपल्या ठाणे नगरीत सांडले. म्हणून या घराण्याचा परिचय आम्ही येथे काहीशा विस्ताराने करून देत आहोत.

किलिकियाचे राज्य

किलिकिया हा प्रदेश आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर, टॉरस पर्वत आणि भूमध्य समुद्र यांच्या मध्ये आहे. संत पौलाचे जन्मगाव तार्स येथेच असल्यामुळे प्रेषितांच्या कृत्यांच्या वाचकांना हे नाव नवे नाही. आर्मेनियन लोकांची मूळ भूमी येथून ईशान्येला आहे. परंपरेनुसार संत ग्रेगरी प्रकाशदाता यांच्या उपदेशाने ३०१ साली तेथील राजाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला व राष्ट्र म्हणून ख्रिस्ताचे होण्याचा मान प्रथम आर्मेनियाला मिळाला. अकराव्या शतकात सेल्जुक तुर्कांच्या स्वाऱ्यांमुळे असंख्य आर्मेनियन कुटुंबे देशोधडीला लागली व किलिकियाच्या डोंगराळ मुलखात येऊन वसली. तेथे त्यांनी किल्ले व मठ बांधले आणि बाराव्या शतकाच्या अखेरीस स्वतंत्र राज्याची स्थापना केली. सीस हे त्या राज्याचे राजधानीचे शहर. आज ते कोझान या नावाने ओळखले जाते.

राज्य लहान होते आणि शेजारी बलाढ्य होते. एका बाजूला तुर्क, दुसऱ्या बाजूला इजिप्तचे मामलूक सुलतान, पूर्वेकडून येणारे मंगोल आणि किनाऱ्यावर क्रूसयुद्धांतून उभी राहिलेली लॅटिन राज्ये, या सर्वांशी कधी करार तर कधी युद्ध करीत आर्मेनियन राजांना दिवस काढावे लागत. केरानचे सासरे पहिला हेतूम यांनी मंगोलांशी मैत्री जोडण्यासाठी स्वतः मंगोलियातील काराकोरमपर्यंत प्रवास केला होता. सासू राणी झाबेल ही राज्याची खरी वारसदार. तिच्या विवाहामुळेच रूबेनी व हेतूमी ही दोन स्पर्धक घराणी एकत्र आली होती.

माहेर आणि विवाह

केरान ही लाम्प्रॉनचा अधिपती हेतूम याची कन्या. लाम्प्रॉन हा टॉरसच्या घाटांवर नजर ठेवणारा डोंगरी किल्ला. तेथील घराणे शूर, विद्याप्रेमी आणि मानी म्हणून प्रसिद्ध होते. बाराव्या शतकातील थोर ईशज्ञानी व महागुरू नेरसेस लाम्प्रॉनकर हे याच कुळातले. मात्र या घराण्याने राजसत्तेशी अनेकदा वैरही धरले होते. म्हणून १२६२ सालच्या जानेवारी महिन्यात राजपुत्र लेव्होन व केरान यांचा विवाह झाला, तेव्हा त्या मंगलकार्यात राज्याच्या शांतीचीही आशा होती.

त्याच वर्षी सुप्रसिद्ध चित्रकार तोरोस रोस्लिन यांनी चितारलेल्या शुभवर्तमानाच्या एका हस्तलिखितात या नवदाम्पत्याचे चित्र आहे. दोघे राजवस्त्रांत उभे आहेत व वरून प्रभू ख्रिस्त त्यांना आशीर्वाद देत आहे. हे हस्तलिखित आजही जेरुसलेम येथील आर्मेनियन पेट्रिआर्कपीठाच्या संत याकोब मठात जतन केलेले आहे.

बंदिवासाची दोन वर्षे

विवाहाला पाच वर्षेही झाली नव्हती तोच संकट कोसळले. १२६६ साली मामलूक सुलतान बायबार्स याच्या सैन्याने किलिकियावर स्वारी केली. राजा हेतूम मदतीसाठी मंगोलांकडे गेला होता. राज्याच्या रक्षणाचा भार त्याच्या दोन तरुण मुलांवर येऊन पडला. ऑगस्ट महिन्यात मारी येथे झालेल्या लढाईत धाकटा राजपुत्र तोरोस मारला गेला आणि केरानचा पती लेव्होन शत्रूच्या हाती सापडला. विजयी सैन्याने सीस, अदाना, तार्स ही नगरे लुटली, जाळली आणि हजारो लोकांना कैद करून नेले.

केरानचा मुलगा हेतूम याचा जन्म याच वर्षाचा. पती इजिप्तमध्ये बंदिवान, दीर रणांगणावर पडलेला, राजधानीची राख झालेली आणि मांडीवर तान्हे मूल, अशा अवस्थेत या तरुण राजस्नुषेने दोन वर्षे काढली. अखेर राजा हेतूमने सुलतानाशी तह केला. सीमेवरचे अनेक किल्ले त्याला सोडून द्यावे लागले. शिवाय मंगोलांच्या कैदेत असलेला सुलतानाचा एक जिवलग सहकारी त्यांच्याकडून सोडवून आणून द्यावा लागला. १२६८ साली लेव्होन घरी परतला. वर्षभरात वृद्ध राजाने मुकुट उतरवला, मकार हे नाव घेऊन मठवास पत्करला आणि १२७० साली तो निवर्तला. ६ जानेवारी १२७१ रोजी तार्स येथे लेव्होनचा राज्याभिषेक झाला. आर्मेनियन सभेत हाच दिवस प्रभूच्या जन्माचा व प्रकटीकरणाचा सण म्हणून पाळला जातो. त्या दिवशी केरान राणी झाली.

याच वर्षी किलिकियाच्या अयास बंदरात मार्को पोलो आपल्या वडिलांसह व काकांसह आला होता. रेशीम, मसाले आणि लोकरीचा व्यापार करणारे हे बंदर त्याने आपल्या प्रवासवर्णनात आवर्जून नोंदवले आहे. युद्धाने होरपळलेले राज्य व्यापाराच्या बळावर पुन्हा उभे राहत होते.

१२७२ चे शुभवर्तमान

राणी झाल्यावर केरानने केलेले एक कार्य आजवर टिकून आहे. तिच्या आज्ञेवरून १२७२ साली सीस येथे चार शुभवर्तमानांचे एक हस्तलिखित तयार झाले. आवेतिस नावाच्या लेखनिकाने ते लिहिले. सोन्याच्या मुलाम्याने व नाजूक रंगांनी सजवलेला हा ग्रंथ ‘राणी केरानचे शुभवर्तमान’ या नावाने जगभरच्या अभ्यासकांना परिचित आहे. तोही संत याकोब मठातच आहे.

या ग्रंथातील कुटुंबचित्र विशेष प्रसिद्ध आहे. वरच्या भागात प्रभू ख्रिस्त सिंहासनावर विराजमान आहे. त्याच्या एका बाजूला पवित्र मरिया माता आणि दुसऱ्या बाजूला संत योहान बाप्तिस्ता मध्यस्थीची प्रार्थना करीत आहेत. खाली राजा लेव्होन, राणी केरान आणि त्यांची पाच मुले, तीन मुलगे व दोन मुली, गुडघे टेकून हात जोडलेले आहेत.

हे चित्र केवळ राजवैभवाचे प्रदर्शन नव्हे, असे आम्हाला वाटते. युद्ध आणि बंदिवास यांतून बाहेर आलेले हे कुटुंब आहे. ज्या आईने दोन वर्षे पतीची वाट पाहिली, तिने संपूर्ण घर एकत्र आल्यावर ते प्रभूच्या पायांशी आणून ठेवले. या चिमुकल्यांच्या वाट्याला पुढे काय आले, हे जाणणाऱ्या वाचकाला ते चित्र पाहताना गलबलून येते.

राणीची अखेर

केरानला दहाहून अधिक मुले झाली. त्यांपैकी काही बालपणीच दगावली. रणात पडलेल्या तोरोस काकाचे नाव एका मुलाला मिळाले आणि झाबेल या आजीचे नाव एका मुलीला. राज्याची परिस्थिती मात्र सुधारली नाही. १२७५ साली मामलुकांनी पुन्हा स्वारी केली. १२८१ साली सीरियातील होम्स येथे मंगोल व आर्मेनियन सैन्याचा एकत्रित पराभव झाला. अखेर १२८५ साली लेव्होनला सुलतान कलावून याच्याशी दहा वर्षांचा तह करावा लागला. त्याबदली दरवर्षी दहा लक्ष दिरहमांची खंडणी कबूल करावी लागली.

आयुष्याच्या अखेरच्या काळात राणीने सासऱ्यांचाच मार्ग धरला. सीसजवळच्या द्राझार्क मठात तिने थेओफानिया हे नाव घेऊन संन्यासिनीचे वस्त्र धारण केले. २८ जुलै १२८५ रोजी तिचे निधन झाले व तेथेच तिला मूठमाती देण्यात आली. सासू झाबेल हिचीही समाधी याच मठात होती. १२८९ साली राजा लेव्होनही मरण पावला.

राजमुकुट आणि भाऊबंदकी

पित्यामागून थोरला हेतूम गादीवर बसला. त्याचे मन राज्यकारभारापेक्षा प्रार्थनेत अधिक रमत असे. त्याने विवाह केला नाही. गादीवर बसल्यानंतर काही वर्षांतच, १२९२ साली, युफ्रेटिसच्या काठावरील ह्रोमक्ला हे आर्मेनियन सभेच्या सर्वोच्च धर्माचार्यांचे पीठ मामलुकांनी जिंकले व कॅथोलिकोस स्तेफानोस यांना कैद करून नेले. त्यानंतर पीठ सीस येथे हलवण्यात आले. पुढच्याच वर्षी हेतूमने भाऊ तोरोस याच्या हाती राज्य सोपवले आणि संत फ्रान्सिस असिसीकरांच्या संघाचा झगा अंगावर चढवला. त्याने योहान हे नाव घेतले.

परंतु राज्याने त्याला सोडले नाही. १२९५ साली तोरोसच्या आग्रहावरून तो पुन्हा गादीवर आला. त्यापूर्वीच कॉन्स्टंटिनोपलच्या सम्राटाने आपल्या मुलासाठी या घराण्यात वधू मागितली होती आणि बहीण रीता हिचा विवाह सहसम्राट नववा मिखाईल याच्याशी झाला होता. १२९६ साली हेतूम व तोरोस हे दोघे भाऊ बहिणीच्या सासरी कॉन्स्टंटिनोपलला गेले. ते परत येण्यापूर्वीच मधला भाऊ स्म्बात याने राज्य बळकावले. परतलेल्या दोघा भावांना त्याने किल्ल्यात कैद केले. १२९८ साली तोरोसचा गळा आवळून खून करण्यात आला, तर हेतूमच्या डोळ्यांना डागण्या देण्यात आल्या. मग आणखी एक भाऊ कॉन्स्टंटाइन याने स्म्बातला खाली खेचले व स्वतः राजा झाला. हेतूमची दृष्टी कालांतराने काही अंशी परत आली. १२९९ साली तो तिसऱ्यांदा गादीवर बसला आणि दोघा बंडखोर भावांना कॉन्स्टंटिनोपलला पाठवून देण्यात आले.

भाऊबंदकी हा शब्द आम्हा मराठी माणसांना समजावून सांगावा लागत नाही. बांधावरून, विहिरीवरून, वडिलोपार्जित घरावरून एकाच ताटात जेवलेले भाऊ एकमेकांचे तोंड पाहत नाहीत, हे आपण आपल्या धर्मग्रामांतही पाहतो. केरानच्या घरात बांधाच्या जागी राजमुकुट होता, एवढाच फरक.

पुढे हेतूमने तोरोसचा तरुण मुलगा लेव्होन याला राजा केले व स्वतः पालक म्हणून राहिला. १३०७ सालच्या नोव्हेंबर महिन्यात अनाझार्बा येथे बिलार्घू नावाच्या मंगोल सेनापतीने भेटीच्या निमित्ताने आलेल्या या काका-पुतण्यांची, सोबतच्या सरदारांसह, कत्तल केली. मंगोल खानाने नंतर या सेनापतीला देहदंड दिला. १३०८ साली केरानचा आणखी एक मुलगा ओशिन गादीवर आला. त्याने १३२० पर्यंत राज्य केले. या पाच भावांपैकी राजमुकुट डोक्यावर न आलेला एकही नाही आणि त्या मुकुटाने सुखी झालेलाही एकही दिसत नाही.

राणीच्या कन्या

मुलींच्या वाट्यालाही सासरचे वैभव व सासरचे दुःख दोन्ही आले. रीता बायझंटाइन दरबारात मारिया या नावाने सम्राज्ञी झाली. १३२० साली तिचा धाकटा मुलगा मानुएल हा थोरला मुलगा आंद्रोनिकोस याच्याच माणसांच्या हातून चुकीने मारला गेला आणि त्याच वर्षी तिचा पती निधन पावला. रीताने पुढे संन्यासिनीचे वस्त्र घेतले. १३३३ साली ती मृत्यू पावली. तिचा मुलगा तिसरा आंद्रोनिकोस हा बायझंटाइन सम्राट झाला.

झाबेल हिचा विवाह सायप्रसच्या राजाचा भाऊ, टायरचा अधिपती आमालरिक याच्याशी १२९३ साली झाला. १३०६ साली आमालरिकने भावाच्या हातून सत्ता काढून घेतली आणि १३१० साली त्याचा खून झाला. झाबेल व तिचे दोन मुलगे १३२३ साली किलिकियातील सत्तासंघर्षात मारले गेले. तिचाच एक नातू पाचवा लेव्होन हा किलिकियाचा शेवटचा राजा ठरला. १३७५ साली मामलुकांनी सीस जिंकले. कैदेतून सुटल्यावर हा राजा युरोपात गेला व १३९३ साली पॅरिस येथे निवर्तला. अशा रीतीने केरानच्या पणतूबरोबर ते राज्य लयास गेले.

हेतूमचे धर्मबंधू आणि ठाण्याचे रक्तसाक्षी

आता आम्ही या घराण्याच्या त्या धाग्याकडे वळतो, जो थेट आपल्या भूमीपर्यंत पोहोचला आहे.

रोमच्या ख्रिस्तसभेशी ऐक्य साधावे अशी राजा हेतूमची मनापासून इच्छा होती. त्याच्या प्रजेतील अनेकांना आपल्या प्राचीन उपासनेचा व परंपरेचा अभिमान असल्याने हे ऐक्य सर्वांना मान्य नव्हते. १३०७ साली सीस येथे भरलेल्या धर्मपरिषदेने ऐक्याच्या बाजूने निर्णय दिले, तरी विरोध कायम राहिला. गादीवर आल्यावर लगेचच हेतूमने फ्रान्सिस्कन संघाकडे धर्मबंधूंची मागणी केली होती. त्या सुमारास इटलीत काही धर्मबंधू संत फ्रान्सिसच्या कडक दारिद्र्यव्रताचा आग्रह धरल्यामुळे आपल्याच संघाच्या कैदेत होते. १२८९ साली नवे संघप्रमुख रेमंड गौफ्रेदी यांनी त्यांना मुक्त केले आणि १२९० च्या सुमारास आर्मेनियन राजाकडे पाठवले. त्यांत तोलेंतिनो गावचे थॉमस हे एक होते.

आपल्या देशात ज्यांना थारा नव्हता, त्यांना केरानच्या मुलाने आश्रय दिला व त्यांच्यावर विश्वासही टाकला. १२९२ साली त्याने थॉमस यांना आपले दूत म्हणून पोपमहोदय चौथे निकोलस तसेच फ्रान्स व इंग्लंडचे राजे यांच्याकडे मदत मागण्यासाठी पाठवले. सैन्याची मदत आली नाही. थॉमस मात्र पूर्वेचे होऊन गेले. १३०७ साली चीनमधून धर्मबंधू योहान मोंतेकोर्विनो यांची पत्रे त्यांनीच पोपमहोदय पाचवे क्लेमेंट यांच्याकडे पोहोचवली.

उतारवयात ते स्वतः चीनला निघाले. होर्मुझहून गलबताने निघालेला त्यांचा मेळा कोल्लम व मैलापूरकडे जाण्याऐवजी ठाण्याच्या बंदरात येऊन थडकला. त्यांच्याबरोबर पादुआचे याकोब, सिएनाचे पेत्र आणि अनेक भाषा जाणणारे जॉर्जियाचे बंधू दिमित्री हे होते. डॉमिनिकन धर्मगुरू जॉर्डन हेही त्यांचे सहप्रवासी होते. ठाण्यात त्या वेळी पूर्वेकडील सिरियन परंपरेची सुमारे पंधरा ख्रिस्ती घरे होती. त्यांनी या पाहुण्यांना आसरा दिला. पुढे नगरीच्या काझीपुढे श्रद्धेविषयी प्रश्नोत्तरे झाली आणि ९ एप्रिल १३२१ रोजी थॉमस, याकोब व दिमित्री यांना ठार मारण्यात आले. दोन दिवसांनी पेत्र यांनाही तेच मरण आले. जॉर्डन यांनी त्यांचे देह सोपारा येथे, म्हणजे आजच्या वसई तालुक्यातील नालासोपाऱ्यात, नेऊन पुरले. काही काळाने धर्मबंधू ओडोरिक पोर्देनोने यांनी त्या अस्थी चीनमध्ये नेल्या. १८९४ साली पोपमहोदय तेरावे लिओ यांनी थॉमस यांना धन्यवादित म्हणून मान्यता दिली.

उपसंहार

राणी केरानने आपली मुले प्रभूच्या पायांशी ठेवली होती. तरी त्या घरात भावाने भावाला मारले. श्रद्धाळू आईबापांच्या मुलांचेही पाय घसरतात, ही गोष्ट आमच्या अनेक वाचकांना स्वतःच्या घरातून ठाऊक आहे आणि प्रार्थना वाया गेली काय, हा प्रश्न त्यांना रात्री जागवतो. केरानच्या घराचा इतिहास या प्रश्नाला सोपे उत्तर देत नाही. परंतु तो एवढे दाखवतो की त्याच घरातल्या एका मुलाने मुकुट उतरवून भिक्षूचा झगा निवडला, डोळे जाळणाऱ्या भावांना मृत्यूऐवजी हद्दपारी मिळाली आणि त्याने आसरा दिलेला एक भिक्षू सहा शतकांहून अधिक काळ आपल्या किनाऱ्याचा रक्तसाक्षी म्हणून स्मरला जातो. आईने ठाण्याचे नावही ऐकले नसेल.

दरवर्षी ९ एप्रिल रोजी ठाण्याच्या रक्तसाक्षींचे स्मरण करताना आमच्या वाचकांनी राणी केरान, राजा लेव्होन आणि त्यांची मुले यांच्यासाठीही एक प्रार्थना करावी आणि ज्या घरांत भाऊ भावाशी बोलत नाही, त्या आपल्या घरांचीही त्या प्रार्थनेत आठवण ठेवावी, अशी आमची नम्र विनंती आहे.